उलटा के

उलटं चालताना मी आजवर दोन कचऱ्याचे डबे, एक सायकल आणि एकदा खुद्द प्राचार्यांना धडकले होते. एमेट ड्रिस्कॉल माझा पाचवा बळी.

ऑल्डर हिल कॉलेज बघायला येणाऱ्यांना मी आवार फिरवून दाखवते. वाटाड्यानं पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, अशी इथली पद्धत आहे. म्हणून तोंड त्यांच्याकडे, पाय मागे मागे, आणि जिभेला विश्रांती नाही. एप्रिलचा पहिला शनिवार होता, आयोवाचा वारा सकाळपासून माझे केस तोंडात कोंबत होता, आणि मी ग्रंथालयाबद्दल काहीतरी भारदस्त सांगत असताना कुणाच्या तरी पाठीवरून धाडकन पलीकडे पडले.

"मागे डोळे नाहीत का तुला?" खालून आवाज आला.

"आहेत. आज धुवायला टाकलेत," मी गुडघा झटकत म्हटलं. "आणि तू भर रस्त्यात गुडघे टेकून काय करतोयस? प्रार्थना?"

"माती बघत होतो." त्यानं मूठ उघडली. वाफ्यातली काळीभोर, ओलसर माती. "कसली आहे बघ ना... आमच्याकडे अशी नाही."

सहा आईवडील आणि त्यांची मुलं खो-खो हसत होती. मी मात्र त्याच्या हाताकडे बघत राहिले. रुंद पंजा, एक बोट जरा वाकडं, आणि ती माती त्यानं अशी धरली होती की सांडायला नको. हा पोरगा उशिरा आला होता, घोळका गाठायला माझ्या पाठीमागच्या बाजूनं येत होता. पाठीवरच्या पिशवीला बेसबॉलमधल्या कॅचरचा, म्हणजे बॅटवाल्यामागे मातीत उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्याचा, जाडजूड हातमोजा लटकत होता.

बेसबॉलच्या मैदानाशी आल्यावर तो पुढे सरकला.

"हे आमचं मैदान," मी म्हटलं. "टीम चार वर्षांची. पहिल्या वर्षी अकरा खेळाडू होते, आता एकोणीस आहेत. पाऊस पडला की डाव्या कोपऱ्यात बदकं उतरतात. बस एका चर्चकडून घेतलीय, तिच्यावर अजून 'देव तुमच्या सोबत आहे' असं लिहिलंय. ब्रेकची अवस्था बघता ते पुसायची कुणाची हिंमत होत नाही."

"आणि जिंकता का?"

"गेल्या वर्षी नऊ सामने. त्याआधी चार."

"पाहुण्यांना इतकं खरं सांगायचं असतं?"

"विचारलं तर सांगते," मी म्हटलं आणि उगीचच लाजले. वाऱ्यानं केस तोंडावर आले होते हे बरं झालं.

त्याची कहाणी चालता चालता कळली. नेब्रास्कातल्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजातून तो मेमध्ये बाहेर पडणार होता. पुढच्या दोन वर्षांसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक राज्याचं मोठं विद्यापीठ. तिथं झगमगतं स्टेडियम होतं, पण तो तिसरा कॅचर असणार होता, म्हणजे बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. दुसरं आमचं. आमच्याकडे मृदाशास्त्राचे एकच प्राध्यापक, पण वर्गात बारा मुलं. एक मे ही उत्तर कळवायची शेवटची तारीख.

"कॅचरला मातीचं कसलं वेड?"

"अर्धं आयुष्य तिच्यातच बसून काढतो की! ओळख नको?"

दुपारी आमच्याच पोरांचा आपापसात सराव सामना होता. कोच बर्डिकनी त्याला म्हटलं, "उतर रे, बघू तरी." मी नेहमीच्या जागी, जाळीमागे, वही घेऊन बसले. टीमची धावांची वही मी कॉलेजात आले तेव्हापासून माझ्याकडे आहे, आणि माझ्या वहीत मी कुणाचे लाड करत नाही.

तो खेळायला आला तेव्हा तिन्ही तळांवर आमची माणसं होती. पहिला चेंडू हुकला, दुसरा हुकला. तिसरा अगदी सरळ, सुरेख आला, आणि हा खांद्यावर बॅट ठेवून नुसता बघत राहिला. बाद!

सामना संपल्यावर स्वारी माझ्या खांद्यावरून वाकली. तोंडात सूर्यफुलाच्या बिया.

"माझ्या नावापुढे हे काय लिहिलंय? तुला सरळ 'के' काढता येत नाही?"

"येतो. तीन चेंडू हुकून बाद झाला की 'के'. बॅट फिरवून हुकला त्याला सरळ. नुसता बघत उभा राहिला त्याला उलटा, आरशात दिसतो तसा."

"पाहुणा आहे मी. एकदा सरळ काढलास तर काय बिघडेल?"

"माझ्या वहीत खोटं लिहीत नाही."

तो हसला नाही. त्या उलट्या अक्षरावर त्यानं बोट ठेवलं... "घरी पण हेच म्हणतात. चांगलं काही समोर आलं की हा बघतच बसतो."

मी काही बोलणार तेवढ्यात कोच ओरडले, "ताडपत्री!" आमच्याकडे ताडपत्री म्हटलं की मैदानावर जो कोणी असेल त्यानं धावायचं, एकोणीस जणांत ती ओढली जात नाही. मीही धावले, तोही. पाऊस आडवा येत होता, ताडपत्री वाऱ्यानं फुगून आम्हालाच उचलू बघत होती. शेवटी कोचनी आम्हाला एका कोपऱ्यावर बसवलं. "हलू नका. वजन म्हणून बसा."

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या वजनाचं कौतुक केलं," मी म्हटलं.

"मी करणारच होतो. सकाळी पाठीवर पडलीस तेव्हाच."

मी त्याला ओल्या हातानं एक चापट मारली. आमचे खांदे भिजून चिकटले होते आणि दोघांपैकी कुणीही बाजूला सरकत नव्हतं. मला थंडी वाजत होती... तरी पाऊस थांबू नये असं वाटत होतं.

पुढचे दोन शनिवार तो येत राहिला. एकदा प्राध्यापकांना भेटायला, एकदा 'हॉस्टेल नीट बघायला', जे पंधरा मिनिटांत बघून होतं. मेसमध्ये आम्ही गरम चिलीबरोबर, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याबरोबर, दालचिनीचे रोल खाल्ले. तो रोल चिलीत बुडवतो, मी वेगळा खाते. त्यावरून एक तास भांडलो.

"तू मला एकदाही 'इथं ये' म्हटलं नाहीस," दुसऱ्या शनिवारी निघताना तो म्हणाला.

"वाटाड्यानं आग्रह करायचा नसतो."

"आणि इंगानं?"

इंगा वेस्टरगार्डनं, म्हणजे मी, त्याच्यापासून एक गोष्ट लपवली होती. ऑगस्टमध्ये मी इथं नसणार होते. पूर्वेला मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडे एका बेटावर समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकेंद्रात सहा महिन्यांची माझी निवड झाली होती, फेब्रुवारीतच. फोन लागतो तो फक्त बोटीच्या धक्क्यावर. सांगावं तर तो मोठ्या विद्यापीठाकडे वळेल ही भीती. न सांगावं तर... तो माझ्यासाठी येईल आणि मी नसेन.

झोप लागेना, पुस्तकात लक्ष लागेना. पाहुण्यांना जेवणघर दाखवायच्या ऐवजी धोबीघरात घेऊन गेले. रोज त्याचा निरोप यायचा, 'अजून ठरत नाहीये', आणि रोज मी 'नीट विचार कर' एवढंच लिहायचे. बदकं, बस, ब्रेक सगळं पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले होते, आणि माझं स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप! मला माझीच लाज वाटत होती.

एकोणतीस एप्रिलला, रविवारी, गाडी काढली आणि दोन तास पश्चिमेला हाकली. त्याच्या कॉलेजचा शेवटचा सामना होता. मी लाकडी पायऱ्यांवर बसले आणि सवयीनं गुडघ्यावर वही उघडली. सातव्या डावात तो आला, तिसऱ्या चेंडूवर अशी काही बॅट फिरवली की स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. चेंडू लागलाच नाही. सगळे हसले. मी मात्र आनंदानं एक ठसठशीत 'के' काढला.

सामन्यानंतर त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सरळ!" वहीत डोकावून तो ओरडला. "इंगा, सरळ आहे!"

"एमेट, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला सांगता येणार नाही." मी एका दमात सांगून टाकलं. बेट, ऑगस्ट, धक्क्यावरचा फोन. "आणि दुसरं... मला तू आवडतोस. फार आवडतोस. पण या दोन्ही गोष्टी तुला कळल्याशिवाय तू ठरवू नयेस."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"निवड कधी झाली तुझी?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे पहिल्या दिवशीच माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस?"

"बॅट खांद्यावर ठेवून उभी होते," मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. "पोरं थांबलीत," एवढंच म्हणाला आणि गेला. परतीच्या वाटेवर मी रडले, मग स्वतःवर चिडले, मग पेट्रोलपंपावर थांबून सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. मला त्या आवडतसुद्धा नाहीत.

सोमवारी निरोप नाही. रात्री नाही, मंगळवारी सकाळीही नाही. एक मे उजाडला.

दहा वाजता पाहुण्यांची नवी तुकडी आली. भुरभुर पाऊस होता, सगळ्यांच्या छत्र्या वाऱ्यानं उलट्या होत होत्या. मी मागे मागे चालत ग्रंथालय दाखवलं, घंटा दाखवली, मैदानाकडे वळले. "हे आमचं मैदान," मी म्हटलं, "पाऊस पडला की डाव्या कोपऱ्यात..."

"बदकं उतरतात," मागून कुणीतरी म्हटलं. "आणि थांब. चार पावलांवर माणूस आहे. या वेळी पाठीवर पडू नकोस."

मी जागीच थिजले. तोंड पाहुण्यांकडे, पाठ त्याच्याकडे.

"मोठ्या विद्यापीठाला नाही म्हणून कळवलं," तो माझ्या पाठीला सांगत होता. "इथल्या कार्यालयात आत्ताच सही करून आलो."

"एमेट... मी इथं नसणार आहे."

"तेच! दोन दिवस तुला बाजूला ठेवून विचार केला. माती उरली. बारा जणांचा वर्ग उरला. एकोणीस पोरं आणि देवाच्या भरवशावरची बस उरली. तेवढं पुरेसं होतं."

"म्हणजे... माझी गरज नव्हती?"

"कॉलेज निवडायला नव्हती," तो म्हणाला. "बाकी सगळ्याला आहे. रविवारी हेच बोलायला हवं होतं, पण मी पुन्हा बघतच राहिलो. बेटावरून कधी येतेस?"

"जानेवारी संपताना."

"आणि सामने कधी सुरू होतात, वहीवाल्या बाई?"

"फेब्रुवारीत," मी म्हटलं, आणि मला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मोडकी छत्री सावरत विचारलं, "पोरी, आम्ही पुढे जाऊ की थांबू?"

"थांबा हं जरा," मी म्हटलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच मी पाहुण्यांकडे पाठ फिरवली आणि सरळ चालत गेले.