पट्टा काढल्यावर

मोबाइल पालथे घाला, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या दुकानाला लागून वर्कशॉप असलेल्या फिटरबाईवर बेतलेलं आहे, आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलंय. बाई बढाया मारणारी नाही. इंजिन दुरुस्त झालं तर ‘झालं’ म्हणते, नाहीतर ‘नाही’. तिसरा शब्द नाही.

नवरा गेल्यावर वर्कशॉप तिनं चालवायला घेतलं, ते तिच्या धाकट्या दिराला कधी पचलं नाही. तो बांधकामांवर प्लेट कॉम्पॅक्टर चालवायचा. म्हणजे खाली जाड लोखंडी प्लेट, वर इंजिन, मागे धरायला दांडा. प्लेट थडथडत पुढे सरकते आणि मातीचा भराव घट्ट बसवत जाते. ‘भावाच्या वर्कशॉपात हिचं काय काम,’ असं तो चारचौघांत बोलायचा. पण त्या गुरुवारी रात्री नऊला फोन आला तो त्याचाच. गोदामाच्या जमिनीवर सकाळी सहाला काँक्रीट पडायचं होतं, आणि यंत्र सारखं बंद पडत होतं.

बाईनं पान्यांची पेटी घेतली, एक नवा पट्टा घेतला, लेकीला ‘आतून कडी लाव’ म्हणून सांगितलं आणि स्कूटर काढली.

अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. टिपूर चांदणं होतं. ती पोचली तेव्हा दहाला पाच कमी होते. नुसत्या चार भिंती, वर छप्पर नाही, मध्ये भराव. दीर दांड्याला टेकून उभा होता.

“आलात? बघा, जमतंय का.”

“ऑइल कधी बदललंत, भाऊजी?”

“मला शिकवू नका.”

बाई कामाला लागली. ऑइल काळं पडलेलं, पण पातळी बरोबर. एअर फिल्टर मातीनं भरला होता, तो झटकला. प्लग काढून घासला. मग दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन चालू. दारापासून अर्ध्या जमिनीपर्यंत यंत्र लोण्यासारखं सरकलं.

“झालं,” बाई म्हणाली.

“थांबा की. तिकडे न्या, मागच्या भिंतीकडे.”

भिंतीपासून चार पावलांवर इंजिन गुरगुरलं आणि मेलं. मागे ओढलं की चालू. पुढे नेलं की त्याच जागी बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

“माती ओली असेल,” ती म्हणाली आणि सळई खुपसायला गेली. सळई अंगठ्याएवढीसुद्धा आत गेली नाही. जमीन दगडासारखी टणक होती.

“नाही येत तर नाही म्हणा,” दीर म्हणाला. “उद्या मी वर्कशॉपला कुलूपच लावतो. दादाचं नाव तरी जाणार नाही.”

बाईचं डोकं तडकलं, पण हात शांत होते. तिनं यंत्र त्या जागेवरच ठेवलं. इंजिनापासून प्लेटला हादरे देणाऱ्या डब्यापर्यंत एक पट्टा जातो, तो काढला आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. आता बंद पडेना. म्हणजे इंजिन ठणठणीत. दोष खाली. तिनं इंजिन थांबवलं आणि डब्याची चाकी हातानं फिरवून पाहिली. बेअरिंग धरलं असेल, तर चाकी फिरणार नाही.

चाकी फिरली. अगदी सहज.

मग थांबली.

मग तिच्या बोटांना ढकलत... उलटी फिरली.

बाईनं हात मागे घेतला.

प्लेट थडथडायला लागली.

“आता कशाला चालू केलंत?” दीर ओरडला. “बंद करा!”

“बंदच आहे.”

“वहिनी, बंद करा म्हणतोय!”

बाईनं हात वर केला. चांदण्यात त्याला दिसलं. पट्टा तिच्या हातात होता.

थड... थड... यंत्राची लय नव्हती ती. सावकाश. मोजून मारल्यासारखी. प्रत्येक ठोक्याला सव्वाशे किलोचं यंत्र जागेवर उडत होतं.

“निघ तिथून,” बाई म्हणाली. रागाच्या भरातसुद्धा तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तो चिडला. दोन्ही हातांनी दांडा धरून मागे ओढू लागला. यंत्र हललं नाही. ठोके थांबले.

शांत.

मग एक ठोका... यंत्राखाली नाही. त्याच्या मागे.

दुसरा... त्याच्या डावीकडे.

तिसरा त्याच्या बुटांखाली. आणि तो घोट्यापर्यंत खाली गेला. जिथं सळई शिरली नव्हती, तिथं.

“वहिनी... हात दे...”

बाई तीन पावलांवर होती. ती हलली नाही. तिनं मला स्वतः सांगितलंय, मान खाली घालून. ‘दोन श्वास, काका. दोन श्वास मी नुसती बघत होते. मनात आलं, राहू दे.’

तो गुडघ्यापर्यंत गेला. तेव्हा तिनं झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. खालून कुणी ओढत नव्हतं. ते तर आणखी वाईट. खालून कुणीतरी... वाट बघत होतं. तिनं जीव खाऊन हिसका दिला. तो बुटांसकट बाहेर आला आणि दोघं दरवाजापर्यंत रांगतच गेली.

बाहेर आल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. ते दोन श्वास त्यानंही मोजले होते. त्यानंतर वर्कशॉपचा विषय त्यानं काढला नाही, आणि तिच्या घरचं पाणीसुद्धा पुन्हा घेतलं नाही.

बाई मात्र सकाळी यंत्र आणायला परत गेली. एकटी. जमीन सपाट होती. पाय रुतल्याचा खड्डा नाही, भेगसुद्धा नाही. दोन मजुरांनी यंत्र आडवं पाडलं, आणि एकानं घाईघाईनं हात काढून घेतला.

बोटभर जाड लोखंड खालून वर दबलं होतं. त्यात एक अनवाणी पाऊल उमटलेलं होतं. टाच, चवडा आणि पाचही बोटं.

सहाला काँक्रीट पडलं.