पूर्वेच्या स्टँडचं गोठलेलं काँक्रीट

ड्वेन अझ्युर शिव्या घालतच व्हर्ना स्कोगलंडच्या स्वयंपाकघरात शिरला. त्या जानेवारीत आमच्याकडे नॉर्थ डकोटात अशी थंडी होती, की कुत्री खांबापाशी पाय वर करायला धजत नव्हती. दोन कुत्री तशीच खांबाला चिकटली होती, ती थेट मार्चमध्ये सुटली.

"दुपारी मला हाकलतायत, बाई," ड्वेन म्हणाला. "हाकलू देत. पण क्रीडासंचालक म्हणतात, निष्काळजी म्हणून! हा शिक्का बसला, तर इथून कॅनडाच्या हद्दीपर्यंत कुणी मला फावडंसुद्धा धरू देणार नाही."

ड्वेन हा ग्रनवाल्ड कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियमच्या दुरुस्तीवरचा मुकादम. आदल्या संध्याकाळी त्यानं पूर्वेच्या स्टँडच्या पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतलं, विजेचा हीटर लावला, वर जाड गोधड्या पांघरल्या. सकाळी गोधड्या उचलल्या, तर काँक्रीट गोठून भुसभुशीत झालेलं.

"हीटरचा प्लग बाहेर पडला होता. रात्रीच्या बर्फाखाली पुरलेला. उकरून काढला मी."

"म्हणजे तू लावायलाच विसरलास," व्हर्ना म्हणाली.

"जाताना हीटरला हात लावून पाहिलाय मी! तापला होता. बर्फ त्यानंतर सुरू झाला."

विमा कंपन्यांसाठी जळक्या कोठारांची चौकशी करण्यात व्हर्नाचं आयुष्य गेलं होतं. आता ती स्वतःचा चौकशीचा धंदा करायची आणि कुणावरच विश्वास ठेवायची नाही. तिचा दीर लायल गाडी हाकायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा. दोन्ही कामं तो मन लावून करी.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये रात्रभर राहिलेल्या गाड्या मरून पडल्या होत्या. तीन प्रशिक्षक बॅटऱ्यांना वायरी जोडून एकमेकांचा उद्धार करत होते.

"दुरुस्तीसाठी इथल्या खांबांची वीज तोडलीय," त्यांतला एक गुरगुरला. "इंजिन गरम ठेवायची वायर खुपसायची कुठे? रात्रभर ऊब नाही, तर सकाळी इंजिन कशाला बोलतंय!"

तेवढ्यात कुंपणालगतच्या राखीव जागेतली काळी गाडी एका किल्लीत सुरू झाली. क्रीडासंचालक क्रेग हॅलोरननं काच खाली केली. "ए म्हातारे, बाजूला हो! अध्यक्षांना आणायला जायचंय मला."

गाडी गेली. तिच्या रिकाम्या जागेपाशी लायल अडखळला. कुंपणापासून तिथवर बर्फात एक अरुंद चर गेली होती.

"उंदीर गेलाय, वहिनी."

"पट्टी लावून सरळ रेषेत चालणारा उंदीर मी अजून पाहिला नाही," व्हर्ना म्हणाली. तिनं कुंपणापलीकडे वाकून पाहिलं. तिथे ड्वेनच्या हीटरला वीज देणारा डबा होता. त्यात सॉकेट एकच.

"मला विचाराल तर त्वाइट म्हातारा," लायल म्हणाला. "त्यानं भर चर्चमध्ये सांगितलं होतं, हे काँक्रीट बसू देणार नाही म्हणून."

ऑर्व्हिल त्वाइट समोरच राहायचा. त्याच्या दारावर कडीपर्यंत बर्फ साचला होता, म्हणून तो खिडकीतून भांडला.

"माझ्या आजोबांचं बाक उपटलं या चोरांनी! तिथे देणगीदारांसाठी काचेच्या खोल्या बांधणार. मी प्लग काढला असता तर बँड लावून मिरवलो असतो. पण तीन दिवस मला दार उघडता येत नाहीये. आलाच आहात तर फावडं घ्या की!"

लायलनं फावडं घेतलं. व्हर्ना परत आलेल्या हॅलोरनकडे गेली.

"तुम्हाला उत्तर द्यायला मी बांधील नाही," तो म्हणाला. "काल दुपारपासून मी ऑफिसातच होतो. भाषण लिहीत बसलो, कोचावरच झोपलो. बास?"

"आणि गाडी?"

"पार्किंगमध्ये! उशाशी घेऊन झोपू का तिला?"

दुपारी विश्वस्तांच्या अध्यक्षा जून कोल्स्रुड खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. मागे ड्वेनची माणसं तोंडं हुप्प करून उभी होती.

"लवकर आटपा," कोल्स्रुडबाई म्हणाल्या. "थंडीनं माझे पाय गेलेत. त्वाइटनं केलं का?"

"त्याच्या दारावरचा बर्फ मोडलेला नव्हता," व्हर्ना म्हणाली. "घातपात करायला इथे कुणी आलंच नाही. कुणाला तरी सॉकेट हवं होतं."

"कशाला?" लायलनं विचारलं.

"तू रोज रात्री कशाला शोधतोस? गाडीसाठी! इथली प्रत्येक गाडी रात्रभर थंडीत मेली. एकच जिवंत राहिली, आणि खांबांत तर वीज नाही. मग तिच्या इंजिनाला ऊब कुठून मिळाली? कुंपणापलीकडच्या एकुलत्या एक सॉकेटातून. हीटरचा प्लग बर्फ पडायच्या आधी निघाला, म्हणून तो खाली पुरला गेला. गाडीच्या वायरीवरही बर्फ पडला. सकाळी ती ओढून घेतली, तेव्हा चर उरली. ती चर हॅलोरनसाहेबांच्या जागेत संपते."

"माझी बॅटरी नवीन आहे!" हॅलोरन ओरडला.

"नव्या बॅटरीनं गोठलेलं तेल पातळ होत नाही. ते राहू दे. डिकी उघडा."

"कुठल्या अधिकारानं?"

"क्रेग," कोल्स्रुडबाई म्हणाल्या, "डिकी."

आत वायरीचं भेंडोळं होतं, बर्फानं लडबडलेलं.

हॅलोरनचा चेहरा पडला. "हाताची सवय हो! सॉकेट दिसलं, खुपसली वायर. आधी त्यात काय होतं, बघितलंसुद्धा नाही. सकाळी आरडाओरडा ऐकला तेव्हा कळलं."

"तोवर मी तुम्हाला माफ केलं असतं," व्हर्ना म्हणाली. "पण कळल्यावर, ड्वेन डब्यापाशी पोचायच्या आत तुम्ही वायर गुपचूप गुंडाळलीत आणि त्याच्याकडेच बोट दाखवलंत."

"अझ्युर, काम तुझंच," कोल्स्रुडबाई म्हणाल्या. "क्रेग, माफी माग."

हॅलोरन जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं, साहेब," ड्वेन म्हणाला. "मला निष्काळजी म्हणालात तेव्हा सगळ्या गावाला ऐकू गेलं होतं."

"ड्वेन अझ्युरची काही चूक नव्हती!" हॅलोरन ओरडला. पूर्वेच्या रिकाम्या स्टँडवरून ते शब्द घुमले.

ड्वेननं मान डोलावली आणि आपल्या माणसांना खूण केली. हॅलोरन पुढे स्वतःबद्दल काहीतरी सांगायला लागला होता, पण तोवर काँक्रीट फोडायचं यंत्र धडधडायला लागलं होतं.