न धावलेल्या टायरांचं वय

"चारही टायर बाद," पाना म्हणाला.

पाना हा यंत्रमानव. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमधून आजोबांनी त्याला दिवसभरासाठी मागवलं होतं. उंचीला साधारण शाळकरी मुलाएवढा, हात मात्र चार. गाडी रस्त्यावर न्यायला योग्य आहे असा दाखला देण्याचा त्याला अधिकार होता, आणि तो दाखला तन्मयीला आजच हवा होता.

सन २०५५ चा फेब्रुवारी महिना संपत आला होता. एक मार्चपासून पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावर आणायला बंदी येणार होती. शेडमधली पोपटी रंगाची, दोनच आसनांची स्पोर्ट्स कार त्यानंतर वाहन संग्रहालयात जाणार होती. ती तन्मयीच्या आईची, संज्योतची. आई या गाडीतून शर्यतीत उतरायची. तन्मयी दीड वर्षाची असताना आई अपघातात गेली, आणि तेव्हापासून जवळजवळ अकरा वर्षं गाडी जागची हलली नव्हती. संग्रहालयाचा ट्रक ती न्यायला येणार होताच. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, आईला आवडणाऱ्या गगनबावड्याच्या रस्त्यावर बाबांनी ती चालवावी असा हट्ट तन्मयीनं धरला होता. बाबा महिनाभर नाही म्हणाले आणि परवा अचानक हो म्हणाले.

"बाद कशी?" तन्मयी चिडली. "नीट बघ ना! नक्षी किती खोल आहे. आईनं स्वतः बसवलीत ही. शंभर किलोमीटरसुद्धा चालली नाहीत."

ती खोटं बोलत नव्हती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून शाबूत होते. लहानपणी शेडमध्ये येऊन त्या केसांवरून बोट फिरवत बसायची तिला सवय होती. आईचा हात लागलेली वस्तू म्हणून.

"झीज शून्य," पाना शांतपणे म्हणाला. "वय पावणेबारा वर्षं. बाद."

"जे टायर धावलंच नाही ते म्हातारं कसं होईल? आजोबा, सांगा ना याला!"

आजोबा, म्हणजे आईचे वडील डॉक्टर अच्युत शिरगावकर, भिंतीपाशी खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत रबरावर संशोधन केलं होतं. आता त्यांचे हात थरथरत, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. नात मदतीला बोलावतेय म्हटल्यावर ते उठले, पण तिच्या बाजूनं बोलले नाहीत.

"इथं ये," ते म्हणाले. "टायरच्या बाजूवर चार आकडे आहेत बघ. काय लिहिलंय?"

"एक, आठ, चार, तीन."

"अठरावा आठवडा, सन दोन हजार त्रेचाळीस. टायर कधी तयार झालं त्याची ही नोंद. आता तिथंच अंगठ्यानं जोरात दाब."

तन्मयीनं दाबलं. रबर लाकडासारखं घट्ट लागलं. आणि दाबलेल्या जागी केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या. आजवर इतक्या वेळा हात फिरवूनही तिला त्या दिसल्या नव्हत्या.

"उकडलेल्या शेवयांचा गोळा डोळ्यांपुढं आण," आजोबा म्हणाले. "रबर आतून तसंच असतं. लांबच लांब रेणूंच्या (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांच्या) साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. नुसता गुंता असेल तर ओढल्यावर साखळ्या सरकतील आणि रबर चिकट राहील. म्हणून त्यात गंधक घालून तापवतात. याला व्हल्कनीकरण (गंधकानं रबर मजबूत करणं) म्हणतात. मग दोन साखळ्यांच्या मध्ये गंधकाचे छोटे छोटे पूल तयार होतात. ओढलं की ताणायचं आणि सोडलं की परत जागेवर यायचं, हे रबराला त्या पुलांमुळं जमतं."

"मग बिघडतं काय?"

"हवा बिघडवते. हवेतला प्राणवायू गाडी उभी असली तरी काम करतच असतो. कुठं साखळी तोडतो, कुठं नको तिथं जास्तीचे पूल बांधतो. पूल वाढले की शेवयांना हलायला जागा राहत नाही आणि रबर कडक होतं. ओझोन (प्राणवायूच्या तीन अणूंचा बनलेला वायू) बाहेरून भेगा पाडतो. ऊन, उकाडा यांनी सगळंच लवकर होतं."

"पण नुसतं उभं राहण्यानं..."

"उभं राहणं तर जास्तच वाईट. रबराचं रक्षण व्हावं म्हणून त्यात मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतं, सुटतं, आणि ते मेण हळूहळू वर येऊन पातळ थर धरतं. गाडी उभी राहिली की तो थर धड तयारच होत नाही."

तन्मयीनं टायरवर पुन्हा अंगठा दाबून पाहिला. समजत होतं, पण पटवून घ्यायचं नव्हतं.

"एकदाच तर न्यायची आहे," ती शेवटी म्हणाली. "हळू नेऊ. यातली हवापण आईनंच भरलेली असेल. ती सोडायची नाही मला."

"नाही गं बाळ." आजोबांचा आवाज खाली गेला. "रबरातून हवा थोडी थोडी झिरपत असते. दर दोन महिन्यांनी इंजिन सुरू करून बघतो, तेव्हा मीच भरत आलोय. आईनं भरलेली हवा केव्हाच गेली."

तन्मयीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आजोबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. बसायला त्यांना वेळ लागला.

"तुला आम्ही एवढंच सांगितलं की आई अपघातात गेली. कसा झाला ते विचारशील तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही."

पानानं चारही हात खाली घेतले आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. त्याला असं कुणी शिकवलं होतं की काय, कुणास ठाऊक.

"त्या दिवशी ती या गाडीतून गेली नव्हती. शर्यतीचं सामान आणायला मैत्रिणीची जीप घेऊन ती निपाणीला निघाली. मे महिना होता, भर दुपार. निघताना मला म्हणाली, अण्णा, टायर बघा हो जरा. मी बघितली. नक्षी खोल होती. 'झकास आहेत, जा' असं म्हणालो." आजोबांनी टायरवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "जीप तेरा वर्षं एका गोदामात उभी होती. तापलेल्या रस्त्यावर, सामानाचं वजन घेऊन, वेगात असताना मागच्या टायरचा वरचा थर आतल्या तारांपासून सुटला आणि टायर फुटलं. सगळा जन्म रबरात काढलेला माणूस मी. ते चार आकडे वाचायला मला एक मिनिट लागलं असतं."

"तुम्ही ते वाचले नाहीत?"

"नाही वाचले."

तन्मयी उठली आणि शेडबाहेर निघून गेली. अंगणाच्या टोकाला शेवग्याचं झाड होतं, तिथं ती पाठ करून बराच वेळ उभी राहिली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. आजोबांकडं न बघता ती पानाला म्हणाली, "नवी टायर आणलीयत का?"

"चार आहेत. सहा आठवड्यांपूर्वी तयार झालेली," पाना म्हणाला. "पण अडचण आहे. ही चाकं मिश्रधातूची (दोन किंवा अधिक धातू वितळवून केलेल्या धातूची) आहेत. मऊ आहेत. बनवणारा कारखाना बंद झाला. एक जरी खाच पडली तरी तिथून हवा गळेल, पुढं तडाही जाईल. दुसरं चाक मिळणार नाही. आणि हल्ली रस्त्यावर बिनहवेची टायर असतात. असं टायर मी कधी उतरवलेलं नाही."

"मी उतरवलंय," आजोबा म्हणाले. त्यांनी आपल्या थरथरत्या हातांकडं पाहिलं. "पण आता मी फक्त सांगू शकेन."

"सांगा," तन्मयी म्हणाली. अजूनही तिनं त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं.

गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट सैल केले. मग पानानं जॅकवर लाकडाची चकती ठेवून गाडी उचलली. पहिलं चाक जाड गोधडीवर आडवं ठेवलं, म्हणजे खालची बाजू घासणार नाही. तन्मयीनं व्हॉल्व्हमधली बारीक पिन फिरवून काढली. हवा सुटू लागली. फुस्स असा आवाज संपेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

"आता कडा सोडवायची," आजोबा म्हणाले. "टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं. ते चाकाला चिकटून बसलंय."

पानानं दाबलं. कडा सुटेना. त्यानं जोर वाढवला तशी धातूतून कुरकुर ऐकू आली.

"थांब!" आजोबा ओरडले. "जोर नको. साबणाचं पाणी लाव आणि वाट बघ."

तन्मयीनं ब्रशनं कडेभोवती साबणाचं पाणी लावलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावलं. मग पानानं थोडं इथं, थोडं तिथं असं गोलाकार दाबत नेलं, आणि अकरा वर्षं चिकटलेली कडा हळूच सुटली.

"पण हे बाहेर कसं काढायचं?" तन्मयी गोंधळली. "चाकाचा काठ या कड्यापेक्षा मोठा आहे. आणि पोलाद काही ताणत नाही."

आजोबा पहिल्यांदाच किंचित हसले. "संक्रांतीला कासाराकडून बांगड्या भरल्यास ना? काचेची बांगडी ताणते का?"

"नाही."

"आणि तुझा पंजा बांगडीपेक्षा मोठा. मग ती गेली कशी?"

तन्मयीनं आपला हात पुढं धरला. कासारानं तिचा अंगठा तळव्यात दाबला होता. "हात लहान करून!"

"चाकाला हात लहान करता येत नाही. म्हणून त्याच्या मधोमध गोल खळगा ठेवलेला असतो. कड्याची एक बाजू त्या खळग्यात ढकल, म्हणजे समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते. ती बाजू काठावरून बाहेर काढायची. खळग्याकडची बाजू वर सरकली की ढील संपली. मग लोक जोर लावतात, आणि चाकं तिथंच खराब होतात."

ओरखडे पडू नयेत म्हणून काठावर प्लास्टिकची टोपणं बसवली. पानानं दोन हातांनी एक बाजू खळग्यात दाबून धरली. तन्मयीनं दुसऱ्या बाजूला टायर उचकटायची चपटी पट्टी घातली आणि चार बोटं रुंदीची कडा उचलली. मग पुढची चार बोटं. तिसऱ्या वेळी पट्टी अडकली. तिनं दात ओठ खाल्ले, पण जोर लावला नाही. "पाना, तुझी बाजू वर आलीय," ती म्हणाली. पानानं ती पुन्हा खाली दाबली आणि पट्टी लोण्यातून फिरावी तशी फिरली.

चाक उघडं झालं. तिनं काठावरून सगळीकडं बोट फिरवलं. एकही ओरखडा नव्हता.

पुढची तीन चाकं होईपर्यंत चार वाजले. नवी टायर त्यांच्यावरच्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडं बघून चढवली, हवा भरताना कडा 'टप्प' करून जागेवर बसल्या. चाक एकसारखं फिरावं म्हणून पानानं आतल्या बाजूला चिकटवायची छोटी वजनं लावली. शेवटी नट आवळायचे होते. एका शेजारी एक न घेता समोरासमोरचे, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. नट आवळायच्या हत्याराची मोठी दांडी तन्मयीला एकटीला रेटेना. ती आजोबांकडं वळली.

"तुम्ही धरा. मी वरून धरते."

त्यांच्या हातांवर तिनं आपले हात ठेवले. दोघांनी मिळून वीस नट आवळले.

पानानं दाखला दिला. जुनी टायर त्यानं आपल्या हातगाड्यावर चढवली. ती एका केंद्रात जाणार होती, तिथं गंधकाचे पूल तोडून रबर पुन्हा मऊ करतात. तन्मयी दारापर्यंत गेली, हात लावला नाही, पण गाडा कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चावी फिरवली. इंजिनाचा आवाज ऐकून घेतला आणि मग गिअर टाकला. आजोबा अंगणात उभे होते. गाडीत दोनच जागा होत्या.

"जुनी टायर ठेवायचा हट्ट सोडलास म्हणे," कळे गाव मागं पडल्यावर बाबा म्हणाले.

"ती आतून संपली होती," तन्मयी म्हणाली. "बाहेरून कळत नाही. तारीख वाचायला लागते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबांनी सांगितलं मला. जीपचं."

बाबांनी मान हलवली.

घाट लागला. पाचसहा वळणं झाली आणि तन्मयीच्या पोटात ढवळायला लागलं. सातव्या वळणावर तिनं बाबांचा दंड घट्ट धरला. त्यांनी गाडी कडेला घेतली. ती कशीबशी उतरली आणि करवंदीच्या जाळीपाशी ओकली. तिला रडूच कोसळलं. एकदाच मिळणारी फेरी, आणि तीही अशी!

बाबा पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तुझ्या आईला घाट लागायचा," ते म्हणाले. "आमचं लग्न ठरलं तेव्हा याच रस्त्यावर, इथंच कुठंतरी, माझ्या नव्या शर्टावर ओकली होती."

"आईला? ती तर शर्यतीत..."

"म्हणूनच तर गाडी चालवायला शिकली. चालवणाऱ्याला घाट लागत नाही. पुढं वळण येणार हे त्याच्या मेंदूला आधीच माहीत असतं. शेजारी बसणाऱ्याचं पोट हलतं आणि मेंदूला पत्ता नसतो. डोळे एक सांगतात, कान दुसरंच."

"कान?"

"आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. अण्णा नीट सांगतील." बाबांनी डोळे पुसले. "इतक्या वर्षांत हे तुला सांगितलंच नाही. काहीच सांगितलं नाही गं तुला."

तन्मयीनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. आईचे फोटो तिनं शेकडो वेळा पाहिले होते, आरशात नाक जुळवून पाहिलं होतं, काही जुळत नव्हतं. आणि हे मळमळणारं पोट मात्र कुणी न सांगता, कुणी न ठेवता तिच्याकडं आलं होतं.

"अजून सांग," ती गाडीत बसत म्हणाली.

"सांगतो. पण खाली बघू नकोस. वळण यायच्या आधीच वळणाकडं बघ. तीही शेजारी बसली की तसंच करायची."

बाबा सांगू लागले. तन्मयीनं मान वर केली आणि समोरच्या काचेतून, अजून न आलेल्या वळणाकडं नजर लावली.