निघताना मारायची हाक

दोन हजार चारच्या मे महिन्यात शर्मिला पाच वर्षांच्या रियाला घेऊन बांद्याजवळचं कलासंग्रहालय बघायला गेली. गोव्याचे पाहुणे मुद्दाम वाट वाकडी करून येत, इतकं ते नावाजलेलं. पण खरं सांगायचं तर शर्मिलेला चित्रांचं काही पडलं नव्हतं. तिला एक दिवस लेक एकटीला हवी होती.

नोकरीपायी नवराबायको मुंबईला आणि रिया वर्षाची असल्यापासून देवबागला थोरल्या जावेकडे, सुगंधाकडे. सुगंधाला मूलबाळ नाही. रिया तिला 'आये' म्हणायची आणि जन्मदात्रीला 'मम्मी', तेही कुणी आठवण करून दिली तर. जूनमध्ये तिला मुंबईच्या शाळेत घालायचं ठरलं होतं, पण पोर सुगंधाला सोडेना. शर्मिलेचा नुसता जळफळाट व्हायचा. जिने आपलं मूल सांभाळलं तिच्यावरच आपण जळतोय, हे कळत असूनही व्हायचा.

संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात तेलरंगाचा कोंदट वास होता. भिंतभर एकच चित्र. ओसरीवर मांडी घालून बसलेली बाई, पदर पसरलेला, मांडी रिकामी. रिया समोर थबकली ती हलेचना.

"ती माका बोलावता," ती हळूच म्हणाली.

शर्मिलेने तिला दंडाला धरून दाराशी आणलं. तिथे पोर अडून बसली. "मम्मी, हाक मार मा... आये मारता तशी."

परक्या जागेतून निघताना सुगंधा मागे वळून रियाला तीनदा हाक मारायची, 'चल गो, घराक चल'. पोराचा जीव रमून तिथेच राहू नये म्हणून. देवळात, लग्नघरी, अगदी एस.टी. स्टँडवरसुद्धा. म्हणजे इथेही सुगंधाच. शर्मिलेच्या डोक्यात तिडीक गेली. तुझी आई मी आहे, असलं खूळ मला सांगायचं नाही, असं म्हणून तिने पोरीला उचललं आणि चालू पडली.

परतीच्या गाडीत रिया तिला बिलगून बसली. घरी सुगंधा धावत आली, तर तिच्याकडे पाहिलंही नाही. आवडतं तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण होतं, त्याला शिवली नाही. झोपताना शर्मिलेच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आये." शर्मिलेला आनंदाने रडू आलं. पोरीच्या केसांना तेलरंगाचा वास येत होता, त्याकडे तिने काणाडोळा केला.

तीन दिवस हेच. पोर हसत नव्हती, धड खात नव्हती, शर्मिलेला क्षणभर सोडत नव्हती. चौथ्या दिवशी सुगंधाने विचारलं, "निघताना हाक मारलंस मा?"

शर्मिला हो म्हणाली. सुगंधाने चपला घातल्या.

भर दुपारी तिघी त्या दालनात उभ्या राहिल्या. चित्रातली मांडी रिकामीच होती. शर्मिलेला हायसं वाटलं. सुगंधाने आधी तिलाच हाक मारायला लावली. तिने तीनदा मारली. पंखा घरघरत राहिला. मग सुगंधा म्हणाली, "रिया... चल गो बाय, घराक चल."

"इलंय गो आये..."

आवाज चित्राकडून आला. शर्मिलेजवळच्या पोरीचे ओठ मिटलेलेच होते. सुगंधा दुसरी हाक मारणार, तेवढ्यात त्या पोरीने गार बोटांनी शर्मिलेचं मनगट धरलं.

"तिका हाक मारूक देव नको... मगे मी तुझी नाय ऱ्हवाची."

शर्मिलेला सगळं कळलं. कळूनही तिने सुगंधाच्या तोंडावर हात दाबला आणि पोरीला घेऊन बाहेर पडली. त्याच रात्री तिने मुंबईची गाडी पकडली.

त्यानंतर रियाला तिने कधी गावी नेलं नाही. सुगंधा मात्र दर महिन्याला बांद्याला जाते, हाक मारते. ओ येते, पण त्या जिवाला परत शिरायला तिथे रियाचा देह नसतो. सहा वर्षं झाली, आवाज पाच वर्षांच्या पोरीचाच आहे.

गावाकडून फोनवर हे कळतं तेव्हा मुंबईत शर्मिला शेजारी निजलेल्या मुलीच्या केसांचा वास घेते. तिचा अजूनही जळफळाट होतो. ती ओ सुगंधालाच येते.