डबच्या खुर्चीची पानं

हॉइट टीग घरून निघाला तो ट्रॅक्टरचा पट्टा आणायला. बायकोला तसंच सांगितलं होतं, आणि वाटेत पट्टा घेतलाही. पण तारीख अकरा मार्च होती. डब पिकर्डला मरून त्या दिवशी वर्ष होत होतं. गाडी आपोआप वळली म्हणा की त्याने वळवली म्हणा, दुपारी बाराला तो आर्वेल स्ट्राउडच्या डॉमिनो हॉलच्या मागच्या खोलीत पत्ते पिसत बसलेला होता.

लबक शहराच्या खालच्या अंगाला कापसाची गावं आहेत, त्यातलं हे एक. मार्चात तिथे जमीन नांगरलेली असते आणि वारा मोकाट. सकाळपासून पश्चिमेला आभाळ विटकरी झालं होतं. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबूनही बारीक धूळ आत येतच होती. टेबलावर, टोप्यांवर, कॉफीवर, सगळीकडे तिचा थर बसत होता. दातांखाली कचकच, नाकात कोरड्या मातीचा वास.

खेळ पोकरचा: ज्याला त्याला दोन पालथी पानं, मधे सगळ्यांसाठी पाच, आधी तीन आणि मग एकेक उघडायची, आणि दर वेळी पैसे लावायचे. टेबलाशी तिघेच होते. पत्ते वाटणारा म्हातारा आर्वेल, कापसाचे ट्रक चालवणारा लुपे कांटू, आणि हॉइट. हॉइटच्या उजवीकडे चौथी खुर्ची, डबची. तिच्यासमोर आर्वेलने काळ्या कॉफीचा कप आणि पैशांच्या जागी लावायच्या चिप्सची चळत मांडून ठेवली होती. डब नेहमी घेऊन बसायचा तेवढ्याच चिप्स, एक कमी नाही की जास्त नाही.

ही त्या हॉलची जुनी रीत होती. खेळता खेळता टेबलावरच मेलेल्या माणसाला वर्षाने, त्याच वेळेला, एक हात वाटायचा. खुर्चीच्या वतीने आर्वेल टेबलावर दोन बोटं वाजवायचा, म्हणजे पैसे न लावता डाव पुढे. मग खुर्चीच्या डावीकडच्याने पैसे लावायचे. पानं कशीही असोत, लावायचेच. एकदा कुणी पैसे लावले की खुर्चीची पानं पालथीच गड्डीत जायची आणि मेलेला सुटायचा.

"आणि नाही लावले तर?" लुपेने विचारलं. तो या गावात नवा होता.

"तर पानं उघडावी लागतात," आर्वेल म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळी एकदा उघडली होती. खुर्चीशी हरलेला माणूस कापूस वेचणीपर्यंत जगला नाही."

"बापाला पोरांना घाबरवायला काही दुसरं मिळालं नाही वाटतं," लुपे हसला. आर्वेल हसला नाही.

हॉइटने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं. ते डबचं होतं. गेल्या वर्षी याच टेबलावर डबने ते डावात टाकलं होतं. हॉइटकडे तेव्हा तीन गुलाम जमले होते, पहिल्याच तीन उघड्या पानांत. त्याने बोटं वाजवली आणि गळ टाकून बसला. डबनेही बोटं वाजवली. चौथं पान आलं, नव्वी. डब मिशीत हसला, चिप्स आणि घड्याळ सगळं पुढे लोटलं, हॉइटनेही "बघतो" म्हणत तेवढेच लावले, आणि पाचवं पान यायच्या आत डबची मान छातीवर पडली. त्याची पानं कुणी उघडली नाहीत. आर्वेलने ती निळी गड्डी तिथेच चुलीत घातली. हॉइटने मात्र आपले तीन गुलाम उघडे केले आणि डावातलं सगळं घेऊन गेला.

डब कशाला हसला होता? वर्षभर हॉइटची झोप त्या एका प्रश्नाने खाल्ली होती. डब पुढे असेल, तर त्याने मेलेल्या माणसाला लुटलं होतं. आणि तो साधा कुणी नव्हता, एकोणिसाव्या वर्षी हॉइटला पत्ते हातात धरायला शिकवणारा होता. "चांगला हात पहिल्या तीन पानांत जमला ना पोरा, की पैसे लाव," डब सांगायचा. "लपवत बसू नको. लपवलास की समोरच्याला पुढचं पान फुकट मिळतं. फुकटच्या पानाने भलेभले बुडालेत." हॉइट ऐकायचा आणि लपवायचा. त्याची ती खोड गावभर ठाऊक होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी आर्वेलने नवी लाल गड्डी फोडली. खुर्चीला दोन पानं, हॉइटला दोन, लुपेला दोन.

हॉइटने पानांचे कोपरे उचलले. दोन नव्व्या.

आर्वेलने मधे तीन पानं उघडली. नव्वी, अठ्ठी, तिर्री.

तीन नव्व्या. हॉइटच्या पोटात ते जुनं ऊबदार सुख पसरलं. आर्वेलने खुर्चीच्या वतीने दोन बोटं वाजवली. आता हॉइटची पाळी. लावायचे, बस. एवढंच करायचं होतं. पण पलीकडे लुपे बसला होता, सकाळपासून जिंकत आलेला, समोर चिप्सचा डोंगर. आत्ता लावले तर तो पळणार. एकदा बोटं वाजवावीत, लुपेच लावेल, खुर्चीही सुटेल... हॉइटची बोटं टेबलावर वाजलीसुद्धा.

"हॉइट," आर्वेल हळूच म्हणाला. "काय केलंस हे?"

"लुपे लावेल की."

"मी?" लुपे मागे रेलला. "तू बोटं वाजवलीस म्हणजे काहीतरी दडवून बसलायस. मी काय खुळा आहे? तुझं काम माझ्या गळ्यात नको." त्यानेही बोटं वाजवली.

आर्वेलने चौथं पान उघडलं. गुलाम.

नव्वी, अठ्ठी, तिर्री, गुलाम. क्रम वेगळा होता, पण गेल्या वर्षी डब हसला तेव्हा टेबलावर हीच चार पानं होती.

"लावतो," तो घाईने म्हणाला. "मी सगळे..."

"थांब, आधी खुर्चीची पाळी..." आर्वेलने हात उचलला, आणि वादळ हॉलवर येऊन आदळलं. पत्रे थडथडले. दिवा गेला. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

त्या अंधारात चिप्स घसरल्याचा आवाज आला. सावकाश, एकदाच.

आर्वेलने चाचपडत कंदील लावला. खुर्चीपुढची सगळी चळत टेबलाच्या मधोमध होती.

"माझे हात गड्डीवर होते," आर्वेल पुटपुटला.

लुपेने पानं फेकली आणि खुर्ची मागे ओढली. "टाक, हॉइट. पानं टाक आणि ऊठ."

"टाकलीस तर अजून सुटशील," आर्वेल म्हणाला. "पोरा, ऐक माझं..."

हॉइटला सुटायचं होतं. देवाशप्पथ सुटायचं होतं. पण समोर ती दोन पालथी पानं होती, आणि टाकली की ती पुन्हा कधी उघडणार नव्हती. आणखी किती रात्री छताकडे बघत काढायच्या? त्याने घड्याळ काढलं आणि चिप्सवर ठेवलं.

"बघतो," तो म्हणाला.

पाचवं पान चौकटची पंजी. हॉइटच्या कामाचं नव्हतं.

खुर्चीची पानं उलटायला आर्वेलचा हात धजेना. शेवटी लुपेनेच कंदील जवळ धरला आणि मग तोही थबकला. लाल गड्डीतून वाटलेली ती दोन पानं आता निळ्या पाठीची होती.

हॉइटने स्वतः ती उलटली. राणी आणि दश्शी. अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच पानं, तीन नव्व्यांच्या वरचा हात. राणीच्या कोपऱ्यावर कॉफीचा जुना डाग होता.

"चौथ्या पानालाच जिंकला होता," हॉइट म्हणाला. "मीच दिलं ते पान. फुकट... डब, तुझंच होतं रे सगळं."

त्याने चिप्स आणि घड्याळ खुर्चीकडे सरकवलं. बाहेर वारा पडला. खिडकीतून पिवळा उजेड आला. हॉइटला इतकं हलकं वाटलं की वर्षभरात वाटलं नव्हतं. तो टोपी घ्यायला उठला.

"हॉइट..." लुपे टेबलाकडे बघत होता. "तू हात कुठे टेकवले होतेस?"

टेबलभर धुळीचा थर बसला होता. आर्वेलच्या जागी कोपरांच्या खुणा होत्या, लुपेच्या जागी होत्या. डबच्या खुर्चीपुढेही दोन होत्या, स्वच्छ पुसल्यासारख्या. फक्त हॉइटची जागा, जिथे तो तीन तास हात टेकून बसला होता, तिथली धूळ सपाट होती. एक ओरखडा नाही.

"असं कसं होईल," हॉइट म्हणाला. त्याने तळवा धुळीत जोराने दाबला आणि उचलला.

तिघांनी खाली पाहिलं. ठसा उमटला नव्हता. आर्वेलने कोपऱ्यातून आणखी एक कप आणला, हॉइटच्या जागेपुढे ठेवला आणि त्यात काळी कॉफी ओतली.