मोनोरेलमधली एकटी प्रवासी

सकाळी नऊ वाजता मोनोरेलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. दुपारी अडीचला त्याच गाडीच्या सहा डब्यांत मिळून एकच प्रवासी असायची, दहा वर्षांची हेमांगी. एकाच दिवशी गाडी अपुरीही पडते आणि ओसही धावते, हे कसं? हे कोडं तिला सुटत नव्हतं.

साल होतं २०६१. हेमांगीची आई पठारावरच्या ‘नभांगण’ या मौजनगरीत पाळण्यांची देखभाल करायची. इथे येणारी मुलं दोन दिवस राहायची. कुणाशी गट्टी जमली, की तिसऱ्या दिवशी त्यांची खोली रिकामी! हेमांगीची शाळाही पडद्यावरच. म्हणून दुपारी ती गाडी चालवणाऱ्या टिंबा या यंत्रमानवाशी गप्पा मारायची आणि सकाळी-दुपारी कुठल्या स्थानकावर किती माणसं चढली ते मोजून वहीत लिहायची.

एकदा दुपारी एक आजोबा गाडीत चढले. ते होते वाहतूकशास्त्रज्ञ डॉ. शेट्ये. ही मोनोरेल ठेवायची की नाही, ते ठरवायला त्यांना बोलावलं होतं.

वही पाहून ते चकित झाले. “वर्षभर माणसं मोजलीस? कशासाठी?”

“बोलायला कोणी नसतं ना,” हेमांगी म्हणाली. मग तिने आपलं कोडं त्यांना घातलं.

आजोबा तिच्याशेजारी बसले. “गाडीत कोणी असो वा नसो, मार्ग तपासावा लागतो, दुरुस्तीची माणसं लागतात. याला स्थिर खर्च (प्रवासी घटले तरी न घटणारा खर्च) म्हणतात. हजारजण असले तर तो सगळ्यांत वाटला जातो. आत्ता सगळा तुझ्या एकटीच्या वाट्याला आलाय.”

“मग सकाळपुरत्या जास्त गाड्या आणा.”

“त्या उरलेला दिवस नुसत्या उभ्या राहतील. आता वहनक्षमता (तासाभरात किती माणसं नेता येतात, ते माप) बघ. मोनोरेल दर दहा मिनिटांनी तीनशेजणांना नेते, म्हणजे ताशी अठराशे. तिच्याऐवजी तारेवरून पाळणे नेणारा दोरमार्ग केला आणि आठजणांचा एकेक पाळणा दर बारा सेकंदांनी सुटला तर?”

हेमांगीने वहीत गुणाकार केला. “तासाला तीनशे पाळणे... चोवीसशे माणसं!”

“आणि खर्चही कमी. दरीत खांब उभारले की खालच्या करंदोली गावापर्यंत जाता येईल. जोराचा वारा सुटला की मात्र पाळणे थांबवावे लागतील. तेव्हा बसगाड्या चालवू. ही वही मला देशील? निर्णयाला उपयोगी पडेल.”

हेमांगी टिंबाकडे वळली. वही दिली तर मोनोरेल जाणार होती.

“टिंबा, तू बंद पडशील रे.”

“आकडे खरे आहेत ना?” टिंबाने विचारलं.

“हो.”

“मग दे.”

तिने वही दिली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पावसाळ्यानंतर मोनोरेल थांबली. टिंबाला दूरच्या एका शहरात नेलं. पुढे कित्येक दुपारी हेमांगी बंद स्थानकाच्या पायरीवर नुसती बसून राहायची. आई हाक मारायची, तेव्हा उठायची.

पुढच्या जूनमध्ये दोरमार्ग सुरू झाला. करंदोलीची शाळा आता अकरा मिनिटांवर आली होती. पहिल्या दिवशी हेमांगी दप्तर मांडीवर घेऊन एकटीच खाली उतरली. टिंबाशिवाय कुणाशी बोलायची सवयच राहिली नव्हती.

खालच्या स्थानकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती.

“तू वरची ना? बाईंनी तुला न्यायला पाठवलंय,” ती म्हणाली. “चल लवकर, प्रार्थना सुरू होईल.”

हेमांगी तिच्यामागे पळत सुटली.