मान न वाकवणारी मुलगी

पुलावर समोरून येणाऱ्या मुलीला तोमोयाच्या हातातली बादली लागली, एवढंच खरं तर घडलं. यानागावा या जपानी गावातल्या कालव्यांवरचे पूल अरुंद. समोरून कोणी आलं तर एकाने थांबायचं असतं. तोमोया थांबला नाही, कारण तो तिच्या गवती टोपीकडे बघत होता. मग नीट वाढवलेल्या कुठल्याही मुलाने केलं असतं तेच त्याने केलं. बादली खाली ठेवून कमरेतून वाकून माफी मागितली.

तीही वाकली. टोपीखालून पाण्याची धार लागली… आणि ती कठड्याला टेकून हळूच खाली बसली. चेहरा पांढराफटक.

ऊन लागलं असेल, असं समजून त्याने आपली बाटली तिच्या ओठांशी नेली. तिने बोट वर केलं, टोपीकडे. काही न कळता त्याने टोपीवरच पाणी ओतलं, आणि मलूल रोपाने मान उचलावी तशी ती सरळ झाली.

"सगळे पाजायलाच बघतात," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत तरी." मग तिने बादलीकडे नजर टाकली. "काकडीचं लोणचं ना?"

"गिऱ्हाइकाचं आहे."

"मग आजपासून मी गिऱ्हाईक."

तिचं नाव मिनामो. ती खरोखरच रोज दुकानात येऊ लागली.

दुकान तोमोयाच्या आईचं, फुसाएचं. मागच्या खोलीत तांदळाच्या कोंड्याची मोठी लाकडी कुंडी होती. त्या खारवलेल्या कोंड्यात काकड्या, मुळे, वांगी मुरत. सकाळ-संध्याकाळ फुसाए कोपरापर्यंत हात घालून तो ढवळायची आणि वर सुटलेलं खारं पाणी वाडग्यात काढून ठेवायची. दुसऱ्या कोणाचा हात त्यात जात नसे, तोमोयाचासुद्धा नाही. हा कोंडा सासूकडून सुनेकडे येत आलेला.

फुसाएला मिनामो पहिल्या दिवसापासून खटकली. पोरगी गोड बोलते, पैसे देते, आणि निघताना मान इतकीही वाकवत नाही. आपण वाकायच्या आत पाठ फिरवून दाराबाहेर पडते. "मानेत सळई घातली आहे का हिच्या?" फुसाए विचारायची. छपराखालीही टोपी काढत नाही, हा आणखी एक राग.

तोमोयाला राग येत नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. ती जिथे उभी राहायची तिथे फरशीवर एखादा थेंब का असतो? सायकलवर ती इतकी हळू का जाते, जणू भरलेली वाटी घेऊन निघालीय? असं विचारणं बरं दिसत नाही. कालव्यातले काही जण वर येऊन आपल्यात राहतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण कोण ते कोणी विचारत नाही. तरी एका संध्याकाळी पुलावर त्याने विचारलंच.

तिने पूल रिकामा आहे ना ते पाहिलं. मग टोपी काढली. केसांच्या मधोमध बशीएवढा खळगा, त्यात स्वच्छ पाणी, आणि पाण्यात संध्याकाळचं आभाळ.

"काप्पा," तो हळूच म्हणाला. कालव्यातल्या लोकांचं हेच नाव.

"हे सांडलं की माझ्यात त्राण राहत नाही. आणि समोरचा वाकला की आम्हाला वाकावंच लागतं. रक्तातच आहे ते." ती हसली, पण पूर्ण नाही. "शाळेत मुलांना कळलं होतं. मधल्या सुट्टीत रांग लावून मला वाकून नमस्कार करायची."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा त्याने वाकण्याऐवजी हनुवटी उचलून छताकडे पाहिलं. तीही वर बघू लागली.

"वर काय आहे?"

"काही नाही. हा आपला नमस्कार. यात काही सांडत नाही."

ती इतकी हसली की टोपी दोन्ही हातांनी धरावी लागली.

हिवाळ्याच्या तोंडावर त्याने आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच. फुसाए म्हणाली, जिला मान झुकवता येत नाही ती या घरात येणार नाही, तरी एकदा घेऊन ये, बघते. खरं कारण सांगून टाकू का, असं त्याने मिनामोला विचारलं.

"डोकं माझं आहे," ती म्हणाली. "मीच सांगेन. पण तोमोया… त्यांनीही रांगेतल्या मुलांसारखं केलं तर मी परत येणार नाही. पुलावरही नाही."

ती आली, चटईवर गुडघे मुडपून बसली. फुसाएने रीतीप्रमाणे दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकली. आता बघू, असं तिच्या पाठीवरसुद्धा लिहिलेलं होतं.

मिनामोने आधी टोपी काढून बाजूला ठेवली. फुसाएने नजर वर केली तेव्हा तिला तो खळगा दिसला, त्यातलं पाणी दिसलं.

"काकू, मी उद्धट नव्हते," मिनामो म्हणाली, आणि पूर्ण वाकली.

पाणी चटईवर पसरलं. ती कुशीवर कलंडली. तोमोया धडपडत मोरीकडे धावला. फुसाए पुन्हा वाकली नाही, बघत बसली नाही. हाताशी कोंड्याच्या पाण्याचं वाडगं होतं. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते सगळं खळग्यात ओतलं.

तोमोया तांब्या घेऊन आला तेव्हा मिनामोने डोळे उघडले होते. ती जीभ ओठांवरून फिरवत होती, जणू डोक्यातली चव तिथवर उतरली होती.

"मीठ जरा जास्त झालंय, काकू."

फुसाएचा चेहरा लाल झाला. खळग्यातून ओघळलेलं पाणी ती बाहीने टिपत राहिली.

"जास्त काय," शेवटी ती म्हणाली. "एवढं कळतं तर उद्यापासून तूच ढवळ. मी बघते, तुझ्या हाताला किती मीठ लागतं ते."

तोमोयाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

सकाळी मिनामो आली. फुसाए दारातच उभी होती. सवयीने तिची कंबर वाकायला निघाली आणि मध्येच थांबली. मग तिने तोमोया करायचा तशी, अवघडत हनुवटी उचलली आणि छताकडे पाहिलं.

"जाळी काढायला झालीत," ती पुटपुटली.

छताला एकही जाळं नव्हतं. मिनामो तरी वर बघत राहिली.